रेघ आधी मी ओलांडली

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. सायकलचा. त्यातही पुढच्या चाकाचा, हे आधीच सांगून टाकतो, कारण मागच्या टायरला या सगळ्या भानगडीतलं काही कळलं नाही आणि तरी तो मध्ये तोंड घालतो. आता माझ्यात हवा नाही. कुशीत बोटभर फाट आहे. तरी मला स्वस्थ पडवत नाही. ज्याचा जन्मच गरगर फिरायला झाला, त्याला एका जागी ठेवलं की जिवाची नुसती तगमग होते. तुम्हाला दिवसभर हाताची घडी घालून बसवलं तर कसं होईल? अगदी तसंच. त्यात माझ्या पोटात एक गोष्ट अडकून बसली आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून ऐका.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. कणीक मळावी तसं काळं रबर मळलं, सुताच्या कापडावर चढवलं आणि तापल्या साच्यात दाबून मला गोल केलं. तिथला चटका अजून आठवतो. मग भावंडांबरोबर गठ्ठ्यात बांधून रेल्वेनं मी गोंदियाला आलो आणि स्टेशनाजवळच्या हिरालाल मिस्त्रीच्या दुकानात खुंटीला लटकलो. शेजारी काळ्या सायकलींचे जाडजूड टायर होते. धानाची पोती वाहणारी ती खानदानी मंडळी. मला पाहून ती खो-खो हसायची. म्हणायची, हा काडीपैलवान काय ओझं उचलणार? मी गप्प बसायचो, पण आतून नुसता धुमसायचो. अहो, मी ओझ्यासाठी नव्हतोच. मी वेगासाठी होतो. पण वेग दाखवायला रस्ता लागतो आणि मला मिळाली होती खुंटी.

शेवटी एकदाचा रत्नपाल आला. राइस मिलमध्ये कामाला असलेला माणूस. त्याच्या केसांत कायम धानाचा कोंडा असायचा. बरोबर त्याची मुलगी रचना होती. आमगावला त्यांचं घर. त्यानं कुणाची तरी जुनी रेसची सायकल मिळवली होती आणि तिला पुढचा टायर हवा होता. हिरालालनं मला खाली काढलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ये चलेगा नहीं, बेटा. ये भागेगा." त्या एका वाक्यावर मी वर्षभर फुगून होतो. हवेनं नव्हे, अभिमानानं.

मग काय सांगू तुम्हाला ते दिवस! पहाटे आमगावहून निघायचं, धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मागे टाकत गोंदियाच्या वेशीला हात लावल्यासारखं करायचं आणि परत यायचं. घरी आलं की रचना आधी पाणी पीत नसे. आधी ती ओल्या फडक्यानं मला पुसायची, नखानं काचेचे कण काढायची, बाभळीचा काटा दिसला तर रागानं त्याला लांब फेकायची. मित्रांनो, जगात टायरकडे वाकून पाहणारी माणसं फार थोडी. ती एक होती.

रविवारी संध्याकाळी हिरालालच्या दुकानात सभा भरायची. कापड दुकानवाला नंदलाल सायकल शर्यतींचा नादिष्ट. युरोपातल्या एका दिवसाच्या मोठमोठ्या शर्यती तो मोबाइलवर लावायचा, आणि तो, रत्नपाल नि हिरालाल त्या इवल्या पडद्यावर डोकी भिडवून बघायचे. बघायचे कमी आणि भांडायचे जास्त. नंदलालचं म्हणणं, शहाणा गडी दुसऱ्याच्या आडोशानं येतो आणि शेवटी उडी मारतो. रत्नपालचं म्हणणं, जो सगळा रस्ता वारा खातो तोच खरा. रचना मात्र भांडत नसे. ती रेघ पाहायची. रेघेवर येताच तिकडचे गडी हात ताठ करतात, अंग मागे नेतात आणि सायकल पुढे फेकतात. हे तिनं टिपलं. दुसऱ्या दिवशी तिनं विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर रेघ ओढली आणि मला तिच्यावर फेकू लागली. पहिल्यांदा मी घाबरलो. मग मात्र मला त्या फेकण्याची चटकच लागली.

आता मुद्द्यावर येतो. गोंदियाहून आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडपर्यंत मुलींची शर्यत ठरली. जी पहिली येईल तिचं एकटीचं नाव जिल्ह्याकडून राज्याच्या शर्यतीला जाणार होतं. रचनाचं त्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय उलटून जाणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. रत्नपाल म्हणाला, "बाई, टायर जुना झाला. नवा टाकू." रचना म्हणाली, "राहू द्या, बाबा. हा माह्या हाताले सवयीचा आहे." मला तेव्हा केवढा आनंद झाला. नको व्हायला होता, पण झाला खरा.

शर्यतीच्या दिवशी थंडी मी म्हणत होती. गोरेगाव गेलं, कोहमारा गेलं, नवेगावबांधचं जंगल आलं. रचना सतत पुढे. एक-एक मुलगी मागे गळत होती. राहिली फक्त गुंजन, आमगावचीच, एका शेतकऱ्याची मुलगी. अंगानं दणकट, आणि थोड्या अंतरात वाऱ्यासारखी. रचनाला ते ठाऊक होतं. म्हणून तर तिनं सगळा रस्ता तिला दमवलं होतं, शेवटच्या उडीसाठी तिच्या पायांत बळ राहू नये म्हणून.

प्रतापगडच्या पायथ्याशी गर्दी उसळली होती. रस्त्यावर चुन्याची रेघ, आणि रेघेपाशी लाल झेंडी घेऊन दुधराम उभा. हा दुधराम म्हणजे शंकरपटाचा नावाजलेला पंच. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, तुम्हाला माहीत असेलच. गोंदियाहून यायचे ते पंच वाटेत गाडी बिघडल्यानं अडकले होते. त्यांनी शर्यतीच्या कारभाऱ्यांना फोनवर सांगितलं, तुमच्यातलाच जाणता माणूस उभा करा, तो देईल ते नाव आम्ही पुढे पाठवू. गावाच्या मते दुधरामपेक्षा जाणता कोण? सगळी हयात त्यानं पटाच्या धुळीत काढली. त्याच्या शब्दावर कधी कुणी वाद घातला नव्हता.

दोघी बरोबरीनं आल्या. गुंजननं मान पुढे घातली, पार हँडलच्या पुढे. रचनानं हात ताठ केले, अंग मागे टाकलं आणि मला पुढे फेकलं. मित्रांनो, मी चुन्याला आधी शिवलो. गुंजनचा टायर माझ्या मागे होता, मी त्याला पाहिलं. हे मी शपथेवर सांगतो. पण टायरची शपथ ऐकतो कोण? दुधरामनं झेंडी हलवली आणि म्हणाला, "पयली गुंजन."

रेघेपुढे रस्त्याची कड मुरमाची होती. रचनानं ब्रेक दाबला, मी घसरलो आणि एका धारदार दगडानं माझी कूस फाडली. फस्स झालं. पण त्या गलक्यात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वाद सुरू झाला होता.

"दुधरामभाऊ, चाक रचनाचा समोर होता," रत्नपाल म्हणाला.

"मी मुंडी पायलो," दुधराम म्हणाला. "पटात मुंडीच पायतेत. ज्याची मुंडी समोर, त्याची जोडी समोर. आजपावतर असाच करत आलो."

बाजूला मंदाबाईची चहाची टपरी होती. तिनं किटलीवरून मान वर केली. "सायकलले कोठची मुंडी रायते गा, भाऊ?"

लोक हसले. नंदलाल पुढे सरसावला. "काका, सायकिल में पहिया देखते हैं. आगेवाला. सारी दुनिया में यही चलता है."

"तं मंग दुनियेतून पंच बलवायचा होता," दुधराम फणकारला. "मले कायले उभा केले?"

गुंजनच्या बाजूचे लोक म्हणाले, पंच बोलला की बोलला. आमचे लोक म्हणाले, हा पट नव्हे. कुणी म्हणे रचना हातभर पुढे होती, कुणी म्हणे गुंजन. ज्यांना टपरीच्या आडून काही दिसलंच नव्हतं, त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. नंदलालला एकदम आठवलं की त्यानं व्हिडिओ काढला होता. सगळे मोबाइलवर तुटून पडले. दोघी येताना दिसत होत्या, छान दिसत होत्या, आणि ऐन रेघेवर नंदलालनं आनंदानं उडी मारली होती. पुढे नुसतं आभाळ, एका झाडाचा शेंडा आणि नंदलालची चप्पल. रत्नपालनं कपाळावर हात मारला.

शेवटी तो दुधरामसमोर जाऊन उभा राहिला. "भाऊ, तुमच्यावर माहा राग नाही. एकच सांगा. चाक कोठी होता?"

दुधरामनं मान वळवून चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. माणूस खोटा नव्हता, हे मला मान्य करावंच लागतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "चाक मी पायलोच नाही."

गुंजनला विचारलं, तर ती म्हणाली, "माहे डोळे खाली होते. मले का मालूम?" रचना म्हणाली, "मले वाटते मी होती. पन वाटते." झालं. म्हणजे तेवढ्या मोठ्या गर्दीत माझ्याकडे पाहिलेला माणूस एकही नव्हता. ज्याला ठाऊक होतं तो मी, मुरमात फाटून पडलेला. माझी अवस्था काय झाली असेल, तुम्हीच विचार करा. ओठ असते तर ओरडलो असतो.

पटात पंचाला शंका आली तर जोडी पुन्हा सोडतात. दुधरामला तेवढंच ठाऊक होतं. तो म्हणाला, "त्या वळनापासून दोघी पुन्हा या. जे पयली येईन, तिचा नाव."

"जोडी बैलाची रायते, भाऊ," रत्नपाल कळवळून म्हणाला. "ह्या पोरी गोंदियापासून पाय मारत आल्या. वळनापासून पळवल्या तं त्या रस्त्याचा का झाला?"

त्याचं अगदी खरं होतं. रचनानं आपली सगळी ताकद रस्त्यावर खर्चली होती, आणि वाद चालू असताना गुंजनचे पाय मात्र मोकळे झाले होते. पण रचना म्हणाली, "जाऊ द्या, बाबा. नाही म्हनली तं तिचाच नाव जाते." तिनं सायकल उचलली, आणि तेव्हा कुठे तिला मी दिसलो. तिनं वाकून माझ्या फाटीवरून बोट फिरवलं.

पटाचा आणखी एक कायदा आहे. जी जोडी रेघेवर येत नाही ती हरली. कुणीतरी ते बोलूनही दाखवलं. तेवढ्यात गुंजन आपल्या घरच्यांच्या गाडीकडे गेली आणि जादा आणलेलं एक चाक घेऊन आली. "हे लाव."

"काऊन?" रचनानं विचारलं.

"काऊन म्हंजे? फुटक्या टायरवालीले हरवली म्हनून जनमभर चिडवतीन मले."

मला काढलं आणि चुन्याच्या बादलीला टेकवून ठेवलं. माझ्या जागी गुंजनचं चाक बसलं. मित्रांनो, मत्सर वाईट, हे मला कळतं. पण तेव्हा मला मत्सर वाटला आणि त्याच वेळी त्या चाकासाठी जीवही तुटला. मी मनात म्हणत होतो, बाबा रे, तू परका असलास तरी आज तिचा हो.

मंदाबाई पुन्हा म्हणाली, "भाऊ, आता तरी बसून पाय." लोकांना वाटलं दुधराम चिडेल. पण तो गुडघे कडकडवत माझ्या शेजारी उकिडवा बसला. त्याच्या अंगाला बिडीचा वास येत होता.

दोघी आल्या. रचनाचे पाय जड झाले होते, ते लांबूनच दिसलं. तिनं तरीही सायकल फेकली, अगदी तशीच. पण गुंजनचं चाक हातभर पुढे होतं. मी पाहिलं, दुधरामनं पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. या वेळी वादाला जागाच नव्हती.

लोक गुंजनकडे धावले. दुधराम मात्र उठला नाही. त्यानं रचनाला जवळ बोलावलं. "पोरी, पयल्या बारीतही अशीच फेकली होती का गाडी?"

"हो, बाबाजी."

"मंग तुही मुंडी मांगच दिसन."

"हो."

"आनि चाक समोर."

दुधराम उठून कारभाऱ्यांकडे गेला, म्हणाला की मागची बारी मी चुकीची पाहिली, पोरीचं नुकसान झालं. पण त्यांनी त्यालाच त्याचा कायदा ऐकवला. पुन्हा जोडी सोडली की मागची बारी मेली. नाव गुंजनचंच गेलं. रचनानं तिचं चाक काढून, पुसून परत दिलं, आणि मग टपरीच्या मागे जाऊन रडली. मंदाबाई चहा घेऊन तिच्यामागे गेली. रत्नपाल मला हातात धरून नुसता उभा होता.

पुढचं माझं आयुष्य म्हणजे निव्वळ धिंडवडे. हिरालालनं फाट पाहून मान हलवली. माझ्या जागी नवा टायर आला. मला अंगणात टाकलं. शेजारच्या मुलांनी काडीनं हाकत मला गल्लीभर पळवलं, तेवढेच काय ते सुखाचे दिवस. मग थंडी वाढली आणि त्याच मुलांनी मला शेकोटीत टाकायला नेलं. एका बाजूनं धग लागायला सुरुवातही झाली होती. रचनानं धावत येऊन मला ओढून काढलं आणि मुलांना असं झापलं की विचारू नका. त्यानंतर मी त्यांच्या छपरावर गेलो. वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून वजन. टायरचा धोंडा झाला. खालून बातम्या यायच्या, की हिरालालच्या दुकानात अजून भांडण चालूच आहे, पहिल्या बारीत कोण पुढे होती म्हणून. मी वर पडून ऐकायचो आणि कूस बदलायलाही मला जमायचं नाही.

वर्ष उलटलं आणि एके दिवशी दुधराम एसटीनं आमगावला आला. अंगणातल्या खाटेवर बसला, पाणी प्यायला आणि पिशवीतून लाल झेंडी काढून रचनापुढे धरली. "यंदा पंच तू हो."

रचनानं हात पुढे केला नाही. "मले झेंडी नाही पायजे, बाबाजी. मले चालवायचा होता."

"मालूम आहे मले," दुधराम म्हणाला. "थे मी देऊ नाही शकत. माह्यापाशी एवढीच आहे."

रत्नपाल जमिनीकडे पाहत होता. मग रचना उठली, शिडी लावून छपरावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. माझ्या अंगावरची धूळ तिनं ओल्या फडक्यानं पुसली. कशासाठी ते मला कळेना.

प्रतापगडला गेल्यावर कळलं. शर्यत सुटायच्या आधी तिनं मला रेघेवर उभं धरलं आणि कारभाऱ्यांना, दुधरामला, तमाम बघ्यांना दाखवलं: टायरची ही पुढची कड, ही रेघेला शिवली की झालं. मुंडी नाही, छाती नाही, फक्त हा. सगळे वाकून माझ्याकडे पाहत होते. मित्रांनो, इतकी माणसं माझ्याकडे कधीच वाकली नव्हती.

दुपारी दोन मुली जोडीनं आल्या. पुन्हा तोच गलका, पुन्हा तीच आरडाओरड. रचना रस्त्यावर पालथी झोपली, हनुवटी मातीला लावून. दोघी गेल्या, ती उठली आणि तिनं नाव सांगितलं. लगेच चार माणसं हात उडवत पुढे आली. त्यांच्यामधून वाट काढत हरलेली मुलगी आली, चेतना नावाची. तिचे डोळे भरले होते. तिनं फक्त एवढंच विचारलं, "ताई, तुमी नक्की पायल्या?"

"पायली," रचना म्हणाली. "तुहा चाक चार बोटं मांगं होता."

चेतना तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं डोळे पुसले, मान हलवली आणि मंदाबाईच्या टपरीवर जाऊन पाणी मागितलं. हात उडवणारी माणसंही हळूहळू पांगली. ती मुलगी घरी जाऊन रडली असेल, हरल्याचं दुःख कुणाला चुकलं आहे? पण ती झोपली असेल. रचना वर्षभर नीट झोपली नव्हती, आणि मी तर अजून नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्या सायकलच्या टायरात हवा ठेवा, काटे काढा, म्हातारा झाला म्हणून त्याला शेकोटीत घालू नका. आणि कधी कुणाचा निकाल तुमच्या तोंडी आला, तर कपडे मळतील म्हणून उभ्यानं देऊ नका. खाली बसा, नीट पाहा, आणि दिसलं नसेल तर तसं आधीच सांगा.